जेवायला बोलावलं तर आधी मशीन बंद

संगणकावर चालणारी पहिली लेथ मशीन आपल्या देशात नेमकी कुठे आली, ह्याबद्दल जाणकारांत वाद असतील तर असोत बापडे, माझ्या मनात काडीचीही शंका नाही. ती यवतमाळात होती. साठ-एकसष्ट सालच्या सुमारास मी ती ह्या डोळ्यांनी पाहिली आहे. ती खाकी हाफपँट घालायची, जेवण झालं की डाव्या गालात तंबाखूची चिमूट धरायची आणि सांगितलं तेवढंच करायची, त्याहून एक केसभर कमी नाही की जास्त नाही. नात्याने ते माझे मामेसासरे. परवा नातवाने मला त्याच्या कारखान्यात नेलं आणि काचेच्या कपाटात बंद केलेली एक भलीमोठी मशीन दाखवली. तिला आकडे लिहून दिले की ती आपली आपण लोखंड कापते, पण आकडा चुकला तर बिनबोभाट चुकीचं कापते, स्वतःचं डोकं चालवत नाही, असं तो मोठ्या कौतुकाने सांगत होता. मी म्हटलं, अरे, हे तर आमचे मामाजी. म्हातारा बरळतोय असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. त्याला काय वाटायचं ते वाटो, तुम्हाला मात्र सगळं पहिल्यापासून सांगतो.

माझ्या बायकोचे आईवडील ती लहान असतानाच गेले. तिला वाढवलं ते यवतमाळच्या ह्या मामा-मामींनी, आणि कन्यादानही त्यांनीच केलं. मामाजी कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याच्या, म्हणजे जिनाच्या, वर्कशॉपात लेथवर मिस्त्री होते; लेथ म्हणजे लोखंडाचा गज गरगर फिरवत कापणाऱ्या टूलने सोलणारी मशीन. मी पुसदचा, मॅट्रिक दुसऱ्या खेपेला पास झालेला, एका कचेरीत हंगामी कारकून. लग्नाला सहा महिने झाले नाहीत तोच हंगाम संपला आणि माझी खुर्ची गेली. मग एक ट्रंक, एक वळकटी आणि एक बायको एवढा संसार घेऊन मी एसटीने यवतमाळला आलो आणि मामाजींच्या घरी उतरलो. चार दिवसांसाठी आलो होतो. चाराचे चाळीस झाले तेव्हा शेजारचा पानवाला मला पाहून गुणगुणायला लागला, 'दूर जमाई फूल बराबर, गाव जमाई आधा, घर जमाई गधे बराबर.' मला राग येण्याचंही काही कारण नव्हतं, कारण म्हण खरी होती आणि तिच्यातला गाढव मी होतो. मामींनी ताटात दोन पोळ्या जास्तीच्या वाढल्या तरी त्या घशाखाली उतरत नसत.

मार्ग निघाला तो असा. मामाजींचं वय झालं होतं. जिनाचे मालक, ज्यांना सगळे शेठजी म्हणत, त्यांनी ठरवलं होतं की मिस्त्री गेले की लेथ भंगारात काढायची आणि लागेल ते काम नागपूरहून करून आणायचं. मामाजींनी त्यांच्याकडे जाऊन माझं नाव सुचवलं. शेठजी म्हणाले, ठीक आहे, दसऱ्यापर्यंत शिकवा. जिनाचा हंगाम सुरू व्हायच्या आत तुमच्या जावयाने जिनाला लागणारा हातभर लांबीचा स्क्रू आट्यांसकट एकट्याने काढून दाखवला, तर लेथ राहील, नोकरी त्याची आणि कारखान्याच्या आवारातल्या दोन खोल्याही त्याच्या. नाही जमलं, तर लेथ भंगारात आणि जावई पुसदला. अक्षय्य तृतीया नुकतीच झाली होती. म्हणजे माझ्या हातात पाच महिने होते, आणि मला तोवर खिळा सरळ ठोकता येत नव्हता.

आता मामाजींची मोठी पंचाईत झाली. आमच्याकडे जावई म्हणजे दहावा ग्रह. त्याला अरेतुरे करायचं नाही, त्याला काम सांगायचं नाही, तो चुकला तर चूक आपली म्हणायची. आणि लेथ शिकवायची तर शिव्या द्याव्या लागतात, हे मामाजींचं पक्कं मत. त्यांचा उस्ताद त्यांना तसाच शिकवून गेला होता. पण मामाजी तोडगा काढणारा माणूस. वर्कशॉपच्या दाराला उंबरा म्हणून आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा गाडलेला होता. त्या रुळाच्या बाहेर धोतर, टोपी, 'जवाईबापू' आणि 'तुमी'. रुळाच्या आत खाकी हाफपँट आणि 'तू'. रोज सकाळी आम्ही घरून निघायचो ते 'जवाईबापू, सावकाश चाला जी, चिखल हाये' असं ऐकत. रूळ ओलांडला की तेच तोंड म्हणायचं, 'अबे, टूल काय तुह्या आजानं धरलं होतं काय असं?' दुपारी डबा खायला बाहेर निंबाखाली बसलो की तेच तोंड पुन्हा म्हणायचं, 'जवाईबापू, भाजी घ्या ना थोडी.' एकदा आत त्यांनी मला इतकं झापलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर आल्यावर त्यांनी टोपी काढून माझी माफी मागितली, आतला माणूस जरा तापट आहे म्हणाले, मनावर घेऊ नका. ह्यात त्यांना काही गंमत वाटत नसे. आणि शब्द असा पाळायचे की रुळाबाहेर उभं राहून मशीनबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. मी दारातून ओरडून काही विचारलं तर ते आधी आत यायचे, मग शिवी द्यायचे आणि मग उत्तर.

शिकवायची पद्धत तर त्याहून अजब. पहिला महिनाभर त्यांनी मला मशीनला बोट लावू दिलं नाही. एक वही दिली, शिसपेन्सिल दिली आणि सांगितलं, लिही. काय लिही? तर एक साधा गज सोलून बारीक करायचा असेल तर हात कुठे जाईल, कोणता दांडा किती फिरेल, कुठे थांबेल, सगळं नंबर टाकून एकाखाली एक. ह्याला ते 'कागद' म्हणत. मी कागद लिहून आणायचो आणि ते मशीनसमोर उभे राहायचे. मग मी कागद मोठ्याने वाचायचा आणि ते मशीन व्हायचे. वाचलं तेवढं करायचे. चेहऱ्यावरची माशीसुद्धा हाकलायचे नाहीत, कारण ती कागदावर नसायची. मी पहिल्याच कागदात लिहिलं, 'टूल पुढे घ्या.' किती पुढे, ते लिहिलं नाही. मामाजींनी दांडा फिरवायला सुरुवात केली आणि फिरवतच राहिले. टूल गजात शिरलं, गज कण्हला, टूलचं नाक कटकन मोडून माझ्या पायाशी पडलं आणि मामाजी रिकामा दांडा फिरवत समोर भिंतीकडे पाहत उभे. मी 'थांबा, थांबा' म्हणून ओरडलो तेव्हा कुठे थांबले. मग ते मोडलेलं नाक त्यांनी उचललं, तारेत ओवलं आणि तार मशीनच्या वरच्या खिळ्याला टांगली.

'मशीनले अक्कल नसते,' ते म्हणाले. 'अक्कल कागदावर पायजे. कागदावर नसन, तं तुह्या डोक्यात बी नाई.'

ती तार पुढे आषाढापर्यंत चांगली हातभर झाली. माझ्या चुकांचं तोरणच ते. येणारा-जाणारा विचारायचा हे काय, आणि मामाजी मोठ्या अभिमानाने सांगायचे की आमचे जवाई शिकून राह्यले.

कोणी म्हणेल, माणूस मठ्ठ असेल. छे हो. मामाजींना न बघता, नुसत्या कानाने, मशीन फिरवणारा पट्टा किती सैल झाला ते कळायचं. गजावरून बोट फिरवून ते अर्ध्या सुताचा फरक सांगायचे आणि कॅलिपर लावून पाहिला तर तो तेवढाच निघायचा. पण त्यांचं आयुष्यभराचं एक व्रत होतं. लोक अर्धवट बोलतात आणि उरलेलं समोरच्याने समजून घ्यावं असं मानतात, हे त्यांना मुळीच खपत नसे. जो जेवढं बोलेल तेवढंच त्याच्या पदरात टाकायचं, म्हणजे लोक नीट बोलायला शिकतील, असा त्यांचा हिशेब. यवतमाळ शिकलं नाही, पण त्यांनी हयातभर प्रयत्न सोडला नाही. त्यांच्या एका पुतण्याच्या लग्नात कोणी तरी त्यांना म्हणालं, मिस्त्री, तुम्ही वरातीच्या पुढे चाला, बँडवाले तुमच्या मागे येतील. मामाजी चालू लागले. बँड मागे, बँडच्या मागे वऱ्हाडी, त्यांच्यामागे घोड्यावर नवरदेव. मांडव आला. नवरदेवाचा घोडा वळला, वऱ्हाडी वळले. मामाजी सरळ. त्यांच्यामागे बँड सरळ. भर दुपारची वेळ, मुहूर्त टळत आलेला, इकडे मांडवात वाजंत्रीशिवाय मंगलाष्टकं आणि तिकडे कळंबच्या रस्त्याला ढोल-ताशे लावून मामाजी एकटेच निघालेले. मैलभर गेल्यावर सायकलवाल्याने गाठलं. अहो, चाललात कुठे? मामाजी शांतपणे म्हणाले, 'चाला म्हने. थांबाचं कोनं सांगतलं?' बँडमास्तरने तेव्हापासून त्यांच्या घरचं कार्य घेणं बंद केलं.

ह्या माणसाशी तीस वर्षं संसार केलेल्या मामींचं बोलणं ऐकण्यासारखं होतं. इतर बायका म्हणतात, पाणी आणा हो. मामी म्हणायच्या, 'माठातलं, प्यायाचं, एक तांब्या, मले, आत्ता, अन् माठावर झाकन परत ठेवा.' श्वास न घेता. मला पहिल्यांदा वाटलं त्या कुणाला तरी ताराच पाठवताहेत. एकदा मी त्यांना म्हटलं, मामी, तुमचं बोलणं फार मुद्देसूद. त्या चुलीतलं लाकूड सारत म्हणाल्या, 'ह्या मानसासंगं बोलून बोलून मी वकील झाली जवाईबापू, फक्त काळा कोट तेवढा नाई.' पण मामाजींना ताप आला की ह्याच मामी काही न सांगता उशाशी बसून राहायच्या आणि काही न सांगता मामाजी काढा प्यायचे. तिथे कागद लागत नसे.

मामाजींच्या सगळ्या कागदांत पहिला नंबर मात्र कधी बदलायचा नाही. काम कोणतंही असो, गज सोलायचा असो, भोक पाडायचं असो की आटे काढायचे असोत, वहीच्या माथ्यावर मला आधी हे लिहावं लागायचं: 'एक. जेवायला बोलावलं तर आधी मशीन बंद.' ह्यामागे त्यांची डावी करंगळी होती, म्हणजे नव्हती. तिचं वरचं पेर मामाजींच्या तरुणपणी गेलं. श्रावणातला शुक्रवार, मामी नवी नवरी, डबा घेऊन दारात येऊन म्हणाल्या, पुरणपोळी आणली, जेवायला चला. मामाजींनी मान वळवली, हात तिथेच राहिला. करंगळी पुरणपोळीपायी गेली असं ते हसून सांगायचे, पण मामींनी त्यानंतर त्या दारात कधी पाऊल टाकलं नाही आणि श्रावणी शुक्रवारी त्या घरात पुरण शिजलं नाही. म्हणून मामाजी मला अवचित गाठायचे. मी मशीन चालवायला लागल्यावर, अगदी एकचित्त होऊन टूलकडे पाहत असताना, मागून आवाज यायचा, 'जेवाले चल रे.' मशीन बंद करायचा दांडा हाताने खाली ओढायच्या आत माझी मान वळली, की त्या दिवशी पुढचा सगळा वेळ कोरड्या फेऱ्या. म्हणजे मशीनला गज लावायचा नाही, नुसता हवेत सगळा कागद करायचा, पंधरा वेळा, वीस वेळा. श्रावण संपेपर्यंत अशी गत झाली की घरात बायकोने जेवायला हाक मारली तरी माझा उजवा हात आधी हवेत खाली जायचा. ती म्हणायची, बाई गं, ह्यांना काय झालं.

आटे काढायला आम्ही भाद्रपदात लागलो. हे काम समजायला सोपं, करायला खट. एकाच खोबणीतून टूल पुन्हा पुन्हा न्यायचं असतं, दरवेळी थोडं थोडं खोल. दर फेरीला मशीनचा एक वेगळा दांडा दाबून टूलला मशीनच्याच अंगच्या फिरत्या स्क्रूशी जोडायचं, फेरी संपली की सोडायचं, हाताने मागे आणायचं आणि पुन्हा बरोबर त्याच घडीला दांडा दाबायचा. एक घडी इकडे-तिकडे झाली की टूल जुन्या खोबणीत न जाता दोन खोबण्यांच्या मधलं लोखंड कापतं आणि सगळी मेहनत पाण्यात. ती घडी कळावी म्हणून फिरणाऱ्या भागांवर खडूने पांढऱ्या रेघा मारतात. रेघा एकमेकींसमोर आल्या की दांडा दाबायचा. बरोबर दाबला की 'टक्' असा एकच आवाज येतो. चुकला की आधी 'खर्र' आणि मग 'टक्'. मामाजींनी मला डोळे बांधून हा आवाज ऐकवला. मला आठवड्याने कळायला लागला, पण गडबडीत असलो की तोही कळायचा नाही.

नवरात्रातल्या अष्टमीचा दिवस शेठजींनी ठरवला. नवमीला सगळ्या मशीनींची पूजा असते, त्या दिवशी पट्टे फिरत नाहीत. त्याआधीच्या रविवारी मामाजी मला घेऊन कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेले. पायऱ्या उतरून गाभाऱ्यापाशी आल्यावर लोक डोळे मिटून मनात पुटपुटत होते. मामाजींनी देवाला मोठ्याने, नंबर टाकून सांगितलं. एक, कोणता जावई. दोन, कोणत्या जिनातली कोणती मशीन. तीन, कोणत्या दिवशी. चार, स्क्रूची लांबी आणि एका इंचात किती आटे. शेजारची एक बाई आपली प्रार्थना सोडून त्यांच्याकडे पाहत राहिली. बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणाले, देवाकडे लई काम असते, त्याला अर्धवट सांगून कसं चालेल.

अष्टमीला सकाळी आठ वाजता शेठजी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. त्यांनी अट घातली की मिस्त्री आत येणार नाहीत, आणि बाहेरूनही मशीनबद्दल एक अक्षर बोलणार नाहीत. मामाजी म्हणाले, 'हाव जी. मशीनीबद्दल एक अक्षर नाई.' धोतर-टोपीतच ते निंबाखाली जाऊन बसले. मी वही उघडून मशीनवर ठेवली. पहिला नंबर वाचला, हसू आलं, धीर आला. गज लावला, सोलला, खडूच्या रेघा मारल्या आणि आट्यांच्या फेऱ्या सुरू केल्या. एक, दोन, तीन. प्रत्येक वेळी स्वच्छ 'टक्'. आठव्या फेरीनंतर शेठजींनी चहा मागवला आणि मलाही बाहेर बोलावलं. मी मशीन बंद करून बाहेर गेलो, खुर्चीशेजारी उभं राहून कपभर चहा घेतला. फार तर पाच मिनिटं.

त्या पाच मिनिटांत मामी आल्या. इतक्या वर्षांत त्या दारात न आलेल्या मामी, हातात हळदकुंकवाची कोयरी घेऊन, मागच्या दाराने आत गेल्या. भाचीचा संसार त्या मशीनवर टांगलेला होता, आणि उद्या पूजा असली तरी परीक्षा आज होती, तेव्हा देवीचं कुंकू आजच लावावं असं त्यांच्या मनाने घेतलं. पाहतात तो मशीनच्या अंगावर पांढऱ्या रेघा. नवरात्रात, सवाष्णीच्या भाग्याची मशीन आणि पांढऱ्या कपाळाची. त्यांच्या जिवाला ते सोसवलं नाही. पदराने त्यांनी एक एक रेघ पुसली आणि प्रत्येक जागी, अंदाजाने, कुंकवाचं ठसठशीत बोट लावलं. आणि आल्या तशा मागच्या दाराने निघून गेल्या.

मी परत आलो तर माझ्या रेघा लाल झालेल्या. मामींचंच बोट ते, मी ओळखलं. मी खुळा इतका हेलावलो की रेघ कुठे आणि बोट कुठे हे पाहायचं विसरलो. खडूची रेघ केसासारखी असते आणि मामींचं बोट अंगठ्याएवढं. मी मशीन सुरू केली. कुंकू कुंकवासमोर आलं. दांडा दाबला.

खर्र, टक्.

मला ऐकूच आलं नाही. गज फिरत होता, टूल हळूहळू गजाच्या टोकाकडे सरकत होतं, लोखंडाला लागायला जेमतेम दोन बोटं उरली होती, आणि मी डोळे पाण्याने भरलेले असे त्या लाल ठिपक्यांकडे पाहत उभा. इतक्यात बाहेरून, निंबाखालून, अगदी गोड आवाजात हाक आली.

'जवाईबापू, जेवाले चला जी.'

माझा हात गेला. मी नाही नेला, तो आपला आपण गेला आणि बंद करायचा दांडा ओढून मोकळा झाला. मशीन थांबली. मग मी मान वळवली. सव्वानऊ वाजले होते. सव्वानऊला कसलं जेवण, असं म्हणून मी पुन्हा मशीनकडे पाहिलं, आणि तेव्हा मला टूल दिसलं. टूलचं नाक खोबणीसमोर नव्हतंच, दोन खोबण्यांच्या मधोमध, उंच आट्यावर रोखलेलं होतं. बाहेर शेठजींचा आवाज चढलेला ऐकू येत होता. मिस्त्री, तुम्ही बोललात, अट मोडलीत असं ते म्हणत होते.

'मशीनीबद्दल काय बोललो जी मी?' मामाजी म्हणाले. 'जवायाले जेवाले बोलावलं. जवायाले जेवाले बोलवाले बी परवानगी लागते काय?'

'सव्वानऊ वाजता?'

'जवायाले घड्याळ पाहून बोलवत नाई शेठजी. आमच्यात तरी नाई.'

शेठजीही चार जावयांचे सासरे. ते पुन्हा बसले, मला आत त्यांची खुर्ची करकरलेली ऐकू आली. आता पुढे सगळं माझ्यावर होतं. काय चुकलं ते मामाजींनी सांगितलं नव्हतं, कसं सुधारायचं तेही नाही. मी कुंकवाला हात जोडले आणि ते तसंच राहू दिलं. टूल जोडणारा दांडा सोडला, टूल मागे आणलं, गज हाताने फिरवून टूलचं नाक जुन्या खोबणीत नीट बसेल ती जागा शोधली. घाई केली नाही, तीन वेळा तपासलं. मग कानशीच्या कोपऱ्याने नव्या रेघा कोरल्या, ज्या कोणाच्या पदराने पुसल्या जाणार नाहीत. हवेत दोन कोरड्या फेऱ्या काढल्या. मशीन सुरू केली आणि दांडा दाबला. टक्. निंबाखाली कोणी तरी खाकरलं. पुढच्या प्रत्येक फेरीला तसाच एक स्वच्छ 'टक्'.

साडेअकराला शेठजी आत आले. जिनातला जुना नट त्यांनी स्क्रूच्या टोकाला लावला, स्क्रू उभा धरला आणि बोटाने नटाला जराशी टिचकी दिली. नट गरगर फिरत, कुठे न अडता, आपल्या वजनाने सरळ तळाशी उतरला. शेठजींनी तो वर चढवला आणि पुन्हा सोडला. त्यांनी तो तीन वेळा सोडला, मला वाटतं त्यांना गंमत वाटली असावी. मग म्हणाले, दोन खोल्यांना चुना लावून घ्या.

मी धावत दाराशी गेलो. मामाजी रुळाच्या पलीकडे उभे होते. मला वाटलं आता हे आत येतील, पाठीत एक धपाटा घालतील आणि म्हणतील, अबे गाढवा, खर्र ऐकू नाही आलं काय तुले. मला तो धपाटा हवा होता. ते रूळ ओलांडून आत आले. मशीनकडे पाहिलं, कोरलेल्या रेघांवरून बोट फिरवलं. आणि रुळाच्या आत, त्या छपराखाली, पहिल्यांदाच म्हणाले, 'चांगलं काम केलं जवाईबापू तुमी.'

मी म्हटलं, मामाजी, आत तरी तू म्हणा. ते म्हणाले, आता मशीन तुमची झाली, मशीनवाल्या माणसाला कोणी तू म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी पूजेला त्यांनी माझ्या मोडक्या टूलांच्या तोरणालाही झेंडूचं फूल वाहिलं. त्यानंतरचा एक हंगाम ते वर्कशॉपात आले, पण धोतर नेसून यायचे आणि दाराजवळच्या स्टुलावर बसायचे. मी चुकलो तर म्हणायचे, जवाईबापू, जरा पाहून घेता काय. मला नोकरी मिळाली, दोन खोल्या मिळाल्या, पानवाल्याने म्हण म्हणणं सोडून उधारीवर पान दिलं, आणि माझं 'तू' गेलं. आईवडिलांनंतर इतक्या हक्काने मला कोणी 'तू' म्हटलं नव्हतं. दोन खोल्यांत बसून ते मला फार आठवायचं, बायकोला सांगितलं तर ती हसायची.

पुढे तीन-चार वर्षांनी मामाजींची नजर अधू झाली. घरी खाटेवर बसून ते दिवसभर जिनाचे आवाज ऐकायचे. एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. मी त्यांच्या खाटेशी बसून नव्या पट्ट्याबद्दल सांगत होतो. आतून मामींनी हाक मारली, जवाईबापू, जेवाले चला. समोर मशीन नव्हती, काही नव्हतं, भिंतीवर एक कॅलेंडर होतं. तरी माझा उजवा हात उठला आणि हवेतला दांडा खाली ओढून मोकळा झाला. मामाजींना दिसलं की नुसतं कळलं, कोण जाणे. ते तोंडभर हसले, माझ्या गुडघ्यावर तो करंगळीचं पेर नसलेला हात ठेवला.

'आता शिकला रे तू,' ते म्हणाले.

आम्ही जेवलो. मामींनी पुरण घातलं होतं. तो श्रावणातला रविवार होता, शुक्रवार नव्हता, पण तेवढ्यावरही मामाजी खूष होते. दिवाळीच्या आत ते गेले.

परवा त्या काचेच्या मशीनसमोर मी किती तरी वेळ उभा होतो. आत टूल येत होतं, जात होतं, सांगितलं तेवढंच करत होतं. मागून नातू म्हणाला, आजोबा, चला, जेवायला चला. माझा हात काचेवर जाऊन आपटला. तो हसत म्हणाला, काय शोधताय? मी म्हटलं, काही नाही, तू आधी ती मशीन बंद कर, मग जेवू.